सर्दीची गोळी आणि उद्याची फ्लाइट: पायलटने औषध घेताना काय काय बघायचं

मुंबईत पाऊस लागला की घराघरात सर्दी-खोकला सुरू होतो आणि सर्दीसाठी डॉक्टरकडे कोण जातंय, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जायचं, "काका, सर्दीवर काहीतरी द्या" म्हणायचं, ते कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या कागदी पाकिटात घालून देतात, झालं काम. बाकीच्यांचं यात फारसं बिघडत नाही. पण तेच पाकीट खिशात घालून कोणी पहाटेच्या पिकअपने टर्मिनलला निघणार असेल आणि त्याच्या मागे दीडशे-पावणेदोनशे माणसं बसणार असतील, तर त्या चार गोळ्यांची नीट चौकशी व्हायलाच हवी. मी सीपीएलच्या (कमर्शियल पायलट लायसन्सच्या) मुलांना ग्राउंड क्लासमध्ये रेग्युलेशन्स आणि ह्यूमन परफॉर्मन्स शिकवते, आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, "मॅम, साधी सर्दीची गोळी आहे, चालेल ना?" म्हणून हे एकदा सविस्तर लिहितेय. पायलटसाठी आहेच, पण केबिन क्रू, एटीसीवाले (जमिनीवरून रेडिओवर विमानांना सूचना देणारे) आणि ज्यांच्या घरातलं कोणी उडतं त्यांनीही वाचा, कारण बऱ्याचदा गोळी घरच्यांनीच प्रेमाने हातावर ठेवलेली असते.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकूया. "मला त्या गोळीने झोप येत नाही" हे वाक्य मी खूप ऐकते आणि मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. २००० साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक अभ्यास झाला, त्याच ४० लोकांना वेगवेगळ्या आठवड्यांत वेगवेगळ्या गोष्टी दिल्या, एकदा डायफेनहायड्रामिन म्हणजे जुन्या पद्धतीचं ॲलर्जीचं औषध, एकदा फेक्सोफेनाडिन, एकदा दारू, आणि एकदा नुसती खोटी गोळी. सगळ्यात वाईट गाडी चालवली गेली ती डायफेनहायड्रामिन घेतल्यावर, दारू पिऊन चालवली त्यापेक्षाही वाईट. आणि आपल्यासाठी खरी महत्त्वाची गोष्ट अशी, की लोकांना स्वतःला किती झोप येतेय असं वाटत होतं त्यावरून त्यांची ड्रायव्हिंग किती बिघडलीय हे कळत नव्हतं. म्हणजे डोळे टक्क उघडे, माणूस म्हणतोय मी एकदम फ्रेश आहे, आणि रिॲक्शन टाइम गेलेला. कॉकपिटमध्ये हे कसं दिसतं, तर रेडिओवर फ्रिक्वेन्सी ऐकली पण रीडबॅक देताना, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवताना, आकडा उलटा झाला, चेकलिस्टची एक ओळ सुटली, अल्टिट्यूड सेट केलं पण क्रॉसचेक उशिरा केला. यातल्या कुठल्याच वेळी जांभई येत नाही. म्हणून स्वतःला कसं वाटतंय यावर निर्णय सोडायचाच नाही, दोनच गोष्टींवर सोडायचा, स्ट्रिपच्या मागे काय लिहिलंय आणि घड्याळात किती तास झाले.

अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये एक मोठा अभ्यास बाहेर काढला, १९९० ते २०१२ या काळात विमान अपघातात गेलेल्या ६,६७७ पायलटांच्या टॉक्सिकॉलॉजीचा, म्हणजे शरीरात कुठली औषधं होती त्या तपासणीचा. निदान एक तरी औषध सापडलेल्या पायलटांचं प्रमाण त्या काळात साधारण १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेलं. यात बहुतेक खाजगी, छोटी विमानं उडवणारे होते, आणि औषध सापडलं म्हणजे अपघात त्यानेच झाला असं अजिबात नाही, त्यातली बरीचशी औषधं निरुपद्रवीही असतात. पण गुंगी आणणाऱ्या औषधांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते तेच, डायफेनहायड्रामिन. ते कुठलं चोरीछुपे मिळणारं ड्रग नाही. आपल्याकडे बेनाड्रिलच्या खोकल्याच्या औषधात वर्षानुवर्षं तेच आहे, आणि ते बऱ्याच घरांत फ्रिजच्या दारात उभं असतं.

आणि टेक्सासमधला लॉकहार्टचा बलून अपघात. ३० जुलै २०१६, हॉट एअर बलून विजेच्या तारांना लागला, पायलट धरून १६ जण गेले. पायलटच्या शरीरात एकापेक्षा जास्त गुंगीची औषधं मिळाली, त्यात डायफेनहायड्रामिनही होतं. तेव्हा तिथे बलून उडवणाऱ्याला मेडिकल सर्टिफिकेटच लागत नव्हतं, म्हणजे "तुम्ही काय काय औषधं घेता" हे त्याला अधिकृतपणे विचारणारं कोणी नव्हतं. नियम नंतर बदलला, २०२२ मध्ये.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

स्ट्रिप कापून घेऊ नका. हे मी सगळ्यात वर ठेवते कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. चार गोळ्या हव्या असल्या तरी पूर्ण स्ट्रिप मागा, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील, किंवा निदान काकांना म्हणा "थांबा, मागचा फोटो काढू द्या." कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धं असतं, औषधाचा घटक वाचता येत नाही, एक्स्पायरी तर बहुतेक वेळा दुसऱ्या तुकड्यावर गेलेली असते. फोटोत काय बघायचं, तर वर मोठ्या अक्षरात जे ब्रँडचं नाव असतं ते सोडून द्या, खाली बारीक अक्षरात "ईच टॅब्लेट कंटेन्स" नंतर जे येतं ते वाचा, सगळ्या ओळी. सिनारेस्ट बघा, लोक त्याला तापाची-सर्दीची साधी गोळी समजतात, आत पॅरासिटामॉल आहे, नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन आहे, आणि तिसऱ्या ओळीत क्लोरफेनिरामिन आहे, तेही पाठीमागे फक्त दोन मिलिग्रॅम असं लिहिलेलं, त्यामुळे नजर सरकून जाते. पायलटसाठी खरी अडचण त्या तिसऱ्या ओळीचीच. ब्रँडच्या नावावर का जायचं नाही याचं अजून एक कारण, एकाच नावाखाली कंपन्या प्लस, कोल्ड, डे, नाइट असे दहा प्रकार काढतात आणि आतला मसाला प्रत्येकात वेगळा.

कुठली नावं दिसली की थांबायचं ते सांगते, पाठ करा. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, फेनिरामिन (अंगाला खाज सुटली की आई देते ती ॲव्हिल), प्रोमेथाझिन (घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतात ती ॲव्होमिन), सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन. हे शेवटचं मुद्दाम लक्षात ठेवा कारण आपल्याकडे डॉक्टर मॉन्टेलुकास्टबरोबर ते सर्रास लिहून देतात आणि "यात झोप येत नाही, नवीन औषध आहे" असं सांगतात. जुन्यांपेक्षा गुंगी कमी हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि अमेरिकेची एफएए (विमान वाहतुकीचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) सेटिरिझिनवर उडू देत नाही. मग पाठदुखी-मानदुखीच्या गोळ्यांत टिझानिडिन, बॅक्लोफेन, क्लोरझॉक्साझोन. नसांच्या दुखण्यात प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन. जास्त दुखलं की ट्रामाडॉल. मुलींनो, पाळीच्या दुखण्यावर आपण मेफ्टाल-स्पास घेतो, त्यात मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन असतं, त्याने काहींना चक्कर येते, जवळचं धूसर दिसतं, आणि अप्रोच चार्ट (उतरतानाचा नकाशा) वाचायचा असताना जवळचं धूसर दिसणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. टेन्शनसाठी, झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, हे तर बोलायलाच नको. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असली तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही, आणि लाल अक्षरात एनआरएक्स छापलेलं असलं तर ते नार्कोटिक किंवा सायकोट्रॉपिक यादीतलं, म्हणजे थेट ड्यूटीवरून बाजूला होऊन कंपनीच्या डॉक्टरांना फोन.

आता घड्याळ. आपल्या एअरक्राफ्ट रूल्समधला नियम २४ सांगतो की फ्लाइट सुरू होण्याआधी १२ तासांत दारू, गुंगीचं, नशेचं किंवा उत्तेजक औषध घेतलेलं नसावं. मुलं हे वाचतात आणि हिशोब करतात, रात्री आठला गोळी, सकाळी आठला मोकळा. असं नाही होत. १२ तास ही कमीत कमी रेघ आहे, औषध शरीरातून जायला लागणारा वेळ औषधागणिक वेगळा. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला जेवढा वेळ लागतो त्याला हाफ-लाइफ म्हणतात, क्लोरफेनिरामिनचं मोठ्या माणसात वीस तासांच्या आसपास असतं, म्हणजे रात्री आठला घेतलेल्या गोळीतलं निम्म्याहून जास्त औषध सकाळी आठला तुमच्या अंगात आहे, आणि तुम्ही कागदावर नियमात बसताय. पाच हाफ-लाइफ गेल्या की साधारण तीन टक्के उरतं, म्हणून एफएए पाचचा गुणाकार धरते. त्यांचे आकडे असे, डायफेनहायड्रामिनला ६० तास, सेटिरिझिनला ४८ तास, क्लोरफेनिरामिनला ५ दिवस. ज्या औषधाचा आकडा माहीत नाही त्याला त्यांची साधी रीत आहे, लेबलवर "दर ४ ते ६ तासांनी" लिहिलं असेल तर त्यातला मोठा आकडा घ्यायचा, सहा, गुणिले पाच, ३० तास. शेवटच्या डोसपासून मोजायचं, पहिल्या नाही, यात खूप जण गडबडतात. हे अमेरिकेचे आकडे आहेत, भारतातल्या लायसन्सवर तुम्हाला कधी उडता येईल हे तुमच्या एअरलाइनचा डॉक्टर किंवा डीजीसीएचा (आपल्याकडची विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) मेडिकल एक्झामिनर ठरवणार. पण त्यांच्याशी बोलताना हे आकडे डोक्यात असले की "बारा तास झाले की" असला विचार आपोआप बंद होतो.

फेक्सोफेनाडिन (ॲलेग्रा) आणि लोराटाडिन ही ॲलर्जीसाठी त्यातल्या त्यात बरी, एफएए चालवून घेते, पण आयुष्यात पहिल्यांदा घेताय तर जमिनीवर दोन दिवस घेऊन बघा, त्रास होत नाही ना ते बघा, मगच. कुठलंही नवीन औषध पहिल्यांदा फ्लाइटच्या आदल्या रात्री घ्यायचं नाही.

आता ज्या प्रश्नाकडे सगळे दुर्लक्ष करतात तो. समजा गोळी एकदम सेफ निघाली. ज्या आजारासाठी ती घेतली तो आजार सेफ आहे का? सर्दीत नाकाकडून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असते. वर जाताना हवा कशीबशी बाहेर पडते, खाली येताना आत शिरत नाही. केबिनचं प्रेशर क्रूझमध्ये ६,००० ते ८,००० फुटांइतकं असतं आणि मुंबईला उतरताना ते अर्ध्या-पाऊण तासात समुद्रसपाटीवर येतं, नेमकं तेव्हाच ढग, पाऊस, होल्डिंग (उतरायची वाट बघत घिरट्या), एटीसीचं सतत बोलणं, आणि तेव्हाच कानात सळक मारते, कधी पडदा फाटतो, कधी चक्कर येते. नाक मोकळं करायची गोळी घेऊन निघालात आणि तिचा असर वाटेत उतरला तर वरच अडकलात. धुळ्याला किंवा कुठेही ट्रेनिंगचं छोटं विमान उडवत असाल तर त्यात केबिन प्रेशर हा प्रकारच नाही, कान सगळं थेट सोसतात. त्यात उंचीवर ऑक्सिजन कमी, आणि गुंगीचं औषध आणि कमी ऑक्सिजन दोन्ही मेंदूला एकाच दिशेने ओढतात, म्हणजे घरी सोफ्यावर जेवढा असर जाणवला तेवढाच वर असेल असं धरायचं नाही. चक्कर, जुलाब, उलटी, मायग्रेन यासाठी जे काही घ्यावं लागतंय, तिथे औषध बघायचीही गरज नाही. आजारच सांगतोय की आज नाही.

बाटलीतली औषधं हा आपल्याकडचा खास विषय. डीजीसीएचा ब्रेथ ॲनालायझर म्हणजे शून्य म्हणजे शून्यच. होमिओपॅथीचे थेंब अल्कोहोलमध्ये असतात. आजीच्या कपाटातलं द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, ही सगळी आसवं-अरिष्टं आंबवून केलेली, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, लेबलवर लिहिलेलंही असतं. काही कफ सिरप, काही माउथवॉश. २०२३ मध्ये सुधारलेल्या नियमात माउथवॉश आणि टूथ जेलचं नाव घेऊन सांगितलंय की अल्कोहोल असलेलं काही वापरायचं नाही, आणि असं औषध चालू असेल तर ड्यूटीआधी कंपनीच्या डॉक्टरांना विचारायचं. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात तर लायसन्स ३ महिने सस्पेंड, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द.

पण नीट लक्षात घ्या, ते मशीन फक्त दारू पकडतं. क्लोरफेनिरामिन घेऊन फुंकर मारलीत तर ०.०० येणार आणि तुम्ही पास. ३१ जानेवारी २०२२ पासून फ्लाइट क्रू आणि एटीसीची अचानक ड्रग टेस्टही होते, लघवीची, त्यात ॲम्फेटामिनसारखी उत्तेजकं, अफूजन्य पदार्थ, गांजा, कोकेन, बार्बिच्युरेट आणि बेन्झोडायझेपिन बघतात. सर्दीची गोळी त्या यादीत नाही. म्हणजे ज्या प्रकारचं गुंगीचं औषध सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते पकडणारं गेटवर कोणीही नाही, तुम्ही सोडून.

त्या यादीतही घरगुती वाटणाऱ्या गोष्टी येतात. कोडीनवालं खोकल्याचं औषध अफूजन्यच, शरीरात त्याचं थोडं मॉर्फिन होतं. धुळवडीला कोणी थंडाईत भांग घातली तर ती पुढे कित्येक दिवस लघवीत दिसते, म्हणून अनोळखी ग्लास हातात घ्यायचाच नाही. आणि खसखस! दिवाळीच्या अनारशांवर असते, वाटणात असते. खसखशीने अफूची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते हे खरं आहे, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२३ मध्ये त्यांच्या सैनिकांना खसखस टाळा म्हणून सांगितलं. एका अनारशाने लगेच काही होईल असं म्हणत नाही, पण ड्यूटी चालू असताना वाटीभर खसखशीची खीर नको, आणि टेस्टला बोलावलं तर मागच्या काही दिवसांत काय खाल्लं, काय घेतलं ते आधीच लिहून द्या.

झोपेबद्दल जरा थांबून बोलते, कारण मुंबईतल्या क्रूचं हे मोठं दुखणं आहे. रात्रीची इंटरनॅशनल करून सकाळी घरी आलात, खाली बांधकामाचा आवाज, शेजारी गणपतीचा मंडप, आणि परत मध्यरात्री रिपोर्टिंग. मग कोणीतरी अर्धी गोळी सुचवतं. झोल्पिडेमबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये बायकांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम करायला सांगितला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीही रक्तात गाडी चालवायला घातक एवढं औषध उरत होतं, आणि बायकांमध्ये ते जास्त सावकाश उतरतं. २०१९ मध्ये झोपेत चालणं, झोपेत गाडी चालवणं याबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे एवढ्या मुली कॉकपिटमध्ये आहेत, त्यांनी नवऱ्याचा किंवा कॅप्टनचा डोस तो माझा डोस असं कधीच धरू नये. औषध नसलं तरी अर्धवट झोपेतला मेंदू काय करतो हे मंगळुरूच्या विमान अपघातात २२ मे २०१० ला दिसलं, कॅप्टन उड्डाणाचा बराच वेळ झोपला होता, उठल्यावरची सुस्ती चौकशी अहवालात नोंदली आहे, को-पायलटने तीनदा गो-अराउंड (न उतरता परत वर चला) म्हटलं, तरी लँडिंग चालू ठेवलं, १५८ माणसं गेली. तिथे औषधाचा काही संबंध नव्हता. गोळीने आणलेली झोप अंगात असताना मेंदू याहून बरा चालेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. झोप होत नसेल तर फटीग रिपोर्ट भरा, म्हणजे थकलोय असं कंपनीला लेखी कळवा.

डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच, "डॉक्टर, मी पायलट आहे, गुंगी येणारं काही चालत नाही, आणि जे द्याल त्याचा घटक मोठ्या अक्षरात लिहा." तुमचे फॅमिली डॉक्टर तुम्हाला लहानपणापासून ओळखत असतील, पण त्यांना एव्हिएशन मेडिसिन माहीत असेलच असं नाही, तो त्यांचा दोष नाही. ती चिठ्ठी फोटो काढून कंपनीच्या डॉक्टरांना पाठवा, लेखी उत्तर येईपर्यंत उडायचं नाही. डेंटिस्टकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, स्किनवाल्याकडेही हेच. बीपी, शुगर, थायरॉइड, डिप्रेशन, कशाचीही रोजची गोळी सुरू झाली तर सांगा, लपवू नका. बीपीच्या गोळ्यांवर तपासणीनंतर फिट होऊन उडणारे कितीतरी कॅप्टन आहेत, आणि डिप्रेशनच्या ठराविक औषधांवर एफएए २०१० पासून एकेकाची केस बघून परवानगी देते. सगळ्यात वाईट काय, तर मेडिकलच्या आधी मनानेच गोळी बंद करणं. डिप्रेशनची गोळी एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असलं काहीही होतं आणि मूळ दुखणं परत येतं ते वेगळंच.

आता राहिला तो फोन, कंपनीला किंवा ट्रेनिंग स्कूलला "मी अनफिट आहे" असं कळवायचा. मला माहितीये तो किती जड जातो. पगार तासांवर, स्टँडबाय कमी, आणि ट्रेनिंगवाल्या पोरांचं तर पावसाने आधीच अर्धा महिना गेलेला असतो, आज स्लॉट मिळालाय, आईबाबांनी कर्ज काढून फी भरलीये. तरी करा. लवकर करा, रात्री गोळी घेतली त्याच वेळी, पहाटे तीनला नाही, म्हणजे रोस्टरवाल्यांना दुसरा माणूस काढता येतो. लांबण लावू नका, "सर, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन घेतलंय, मी अनफिट आहे, डॉक्टरांशी बोलून कधी फिट ते कळवते" एवढं पुरे. कोणी म्हणालं की "अरे सगळेच घेतात, येऊन जा", तर तेच वाक्य परत म्हणा आणि मग मेसेजवर लिहून पाठवा.

फर्स्ट ऑफिसर असाल आणि शेजारचा कॅप्टन नाक ओढत, डोळे चोळत बसला असेल, तर निघण्याआधीच्या ब्रीफिंगमध्येच विचारा, पुशबॅकनंतर, म्हणजे विमान गेटवरून हलल्यावर, नाही. "सर, बरं वाटत नाहीये का, काही घेतलंय का?" असं आदराने पण स्पष्ट. चांगला कॅप्टन रागावत नाही, आणि रागावला तरी पुढचा फोन ड्यूटी मॅनेजरला करायचा असतो.

एक छोटी सवय लावून घ्या, फोनमध्ये एक नोट ठेवा, औषधाचा घटक, किती मिलिग्रॅम, शेवटचा डोस किती तारखेला किती वाजता, आणि स्ट्रिपचा फोटो. लेओव्हरला परदेशात घेतलेल्या औषधांचं तर नक्की, तिकडे ज्यांच्या नावात "नाइट" किंवा "पीएम" असतं त्यांत बहुतेक वेळा तेच डायफेनहायड्रामिन नाहीतर त्याचा भाऊ डॉक्सिलामिन असतो, दोन्हींना एफएएचा आकडा ६० तास. आणि घरी आईला ही नोट कुठे आहे ते दाखवून ठेवा, म्हणजे ती हळदीच्या दुधाबरोबर ॲव्हिल पुढे करण्याआधी विचारेल, "उद्या फ्लाइट आहे का गं?"